सुईला सापडलं तेवढंच
रंगूबाईच्या छातीतली गाठ सुई घालून तपासल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "कॅन्सर आहे, पण पेशींचा डीएनए बरा दिसतोय, म्हणजे रोग सावकाश वाढणारा वाटतोय. तरी ऑपरेशन लवकर करा." त्या ‘बरा’ शब्दावर विसंबून तिनं लेकीचं लग्न होईपर्यंत चार महिने काढले. ऑपरेशननंतर वाशीच्या दवाखान्यात अख्ख्या गाठीचा रिपोर्ट आला. "सुई टोचली तिथल्या पेशी सौम्य होत्या. शेजारच्या मात्र वाईट जातीच्या निघाल्या. आणि सोनोग्राफीत दिसतंय, आता रोग लिव्हरमध्ये पसरलाय," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हंजी सुई खोटं बोलली?" "खोटं नाही, रंगूबाई. सापडलं तेवढंच तिनं सांगितलं." शेजारी बसलेला नवरा ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. ती पदर सावरत बाहेर आली. सुईच्या तपासणीसाठी बाकावर बसलेली तरणी बाई आतलं बोलणं ऐकून घाबरून म्हणाली, "मावशी, सुईचा रिपोर्ट खरा असतो ना?" "असतो गं. पण काय बी निघू दे, गाठ लगोलग काढून घे."