विचारल्याशिवाय

"स्पीकरवर टाका, मातोश्रींनाही ऐकू दे," सायबर पोलिस ठाण्यातले साहेब फोनवर म्हणाले. मी स्पीकर सुरू केला.

बाबांनी वारण्यापूर्वी आपले बिटकॉइन ॲपवरून एका अनोळखी माणसाला विकले होते. त्याने दिलेले पैसे चोरीचे निघाले आणि आईबाबांचं संयुक्त खातं गोठवलं गेलं. व्यवहार आईला ठाऊक होता असं दिसलं, तर तीही आरोपी होईल, असं वकिलांनी मला बजावलं होतं. ती घाबरेल म्हणून मी तिला हे सांगितलं नव्हतं.

"आईंना यातलं काही माहीत होतं?"

"नाही हो. बाबा त्यांचं ते बघायचे."

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "काहीतरीच काय! साहेब, मला विचारल्याशिवाय हे साधा रुमालसुद्धा घ्यायचे नाहीत."

मी हात जोडून तिला गप्प राहायला खुणावत होते. पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"बरं झालं सांगितलंत, काकू. सोमवारी जबाबाला तुम्हीच या."

आईने पदर सारखा केला. बाबा गेल्यापासून प्रथमच तिचा चेहरा शांत दिसला.

बाबांनी तिला उभ्या आयुष्यात काहीच विचारलं नव्हतं.