बियाला ठेवलेला दोडका

गच्चीवरच्या एकाही दोडक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

तेजश्री कात्री घेऊन उभी होती. जळोचीतल्या त्या सोसायटीच्या गच्चीवर ती दर रविवारी लोकांना भाजीपाला लावायला शिकवायची. दिवाळीत बंद असलेला वर्ग आज पुन्हा भरला होता. आज पहिली तोडणी, आणि मग खाली सगळ्यांनी मिळून दोडक्याची भाजी आणि भाकरी खायची, असं ठरलं होतं. पण वेलांवरचे दोडके जून होऊन पिवळे पडले होते, आणि प्रत्येकाच्या देठाला चिंधी बांधलेली होती. कुठं लाल, कुठं फुलाफुलांची. एकाला तर पायजम्याची नाडी होती.

"हे काय आहे?" तेजश्रीनं विचारलं.

"आबांनी बांधली होती," बँकेत नोकरीला असलेल्या माधवीताई म्हणाल्या. "त्यांचा दोडका बघता बघता हातभर झाला. म्हटलं, चिंधीचा काहीतरी गुण असेल. मग आम्हीपण बांधल्या."

"मी तर उदबत्तीपण ओवाळली," अनुप म्हणाला. तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि गच्चीवर यायच्या आधी त्यानं आयुष्यात कोथिंबीरही लावली नव्हती.

सगळ्यांनी बाजीराव आबांकडं बघितलं. आबा वर्गातले सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. जन्मभर काटेवाडीला ऊस केलेला माणूस. बायको प्रयागबाई गेल्यावर मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले होते. वर्गाच्या पहिल्याच रविवारी त्यांनी उसाला सोडतात तसं कुंड्यांना पाइपानं पाणी सोडून दिलं होतं, आणि खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे चिखलानं माखले होते. तेव्हापासून पाण्याची वेळ झाली की कुणीतरी ओरडायचंच, "आधी आबांना धरा!"

ऊस तोडायला आला म्हणून आबा दिवाळीच्या आधी गावी गेले होते, ते कालच परत आले होते.

"आवं, ती खूण हाय," आबा म्हणाले. "ह्यो बियाला ठिवलाय, तोडू नका, म्हणून बांधायची. आमच्या घरात प्रयागबाई बांधायची."

माधवीताईंना हसू फुटलं.

"म्हणजे आख्खी गच्ची बियाला ठेवली आपण!"

"आणि जेवायला काय?" अनुपनं विचारलं.

"पिठलं," तेजश्री म्हणाली आणि खाली स्वयंपाक करणाऱ्यांना तसं ओरडून सांगितलं. "चला, उतरवा सगळे. जुने काढले तर वेलाला नवे लागतील."

सगळे कामाला लागले. चिंध्यांचा ढीग झाला, टोपली भरली. "नाडी कुणाची ते सांगा," यावर बराच वेळ गेला. कुणीच सांगेना. आबाही हसत होते. हसता हसता ते टाकीच्या कोपऱ्यातल्या आपल्या वेलाकडं वळले आणि थबकले. वेल रिकामा होता. त्यांची हिरवी, काठाची चिंधी ढिगात पडली होती.

"माझा कुणी काढला?"

अनुपचा हात थांबला. "मी. मॅडम म्हणाल्या, सगळे काढा."

आबा टोपलीपाशी जाऊन बसले. सगळेच दोडके पिवळे-तांबूस. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

"प्रयागबाईनं राखंत घालून ठिवलेलं बी हुतं," ते टोपलीकडं बघतच म्हणाले. "डबीत तीन राहिलं हुतं. त्यातलं एकच उगावलं. तिचा दोडका कधी कडू निघाला न्हाय."

तेजश्री त्यांच्याशेजारी बसली. बाकी सगळ्यांचे वेल तिनंच आणलेल्या पाकिटातल्या बियांचे होते. तसली पाकिटं कधीही आणता आली असती.

"आबा, कसा ओळखायचा?"

"माझा आधी वाळला आसंल. वाजंल."

आबांनी एक दोडका कानापाशी धरून हलवला आणि बाजूला ठेवला. दुसरा घेतला. मग माधवीताईंनी एक उचलला, अनुपनं एक. थोड्या वेळानं आख्खा वर्ग कानाशी दोडके धरून बसला होता. कुणी हसत नव्हतं.

"ती आसाच माझ्या कानाला लावायची," आबा म्हणाले. "वाजतंय का बघा, म्हणायची. मी म्हणायचो, मला उसवाल्याला काय कळतंय त्यातलं."

"आबा," माधवीताई हळूच म्हणाल्या. त्यांनी हातातला दोडका पुन्हा हलवला. खुळखुळ.

आबांनी तो घेतला. टोकाचं झाकण अंगठ्यानं उडवलं आणि दोडका तळहातावर उलटा केला. काळ्या बिया पडल्या, टपोऱ्या. त्यांनी त्या बोटानं सारख्या केल्या आणि समोरच्याचा हात धरून वाटायला सुरुवात केली. माधवीताईंना, अनुपला, तेजश्रीला, नाडी बांधणाऱ्यालाही, जो कोण होता त्याला.

"अहो, सगळंच काय देताय?" माधवीताई म्हणाल्या. "तुम्हाला ठेवा की."

"एकाच घरात ठिवलं, म्हणून तर एकावर आलं हुतं."

हातातल्या बियांकडं बघत सगळे उभे राहिले.

"आन पाणी बेतानं घाला," आबा म्हणाले.

त्यावर एवढा हशा झाला की खालून कुणीतरी ओरडलं, पिठलं गार होतंय.

सगळे जिन्याकडं निघाले. अनुपनं रिकामा दोडका उचलला. "आबा, हा टाकू?"

"टाकतोस कशाला? आण हिकडं. पाठ घासायला हुतो."

आबांनी हिरवी चिंधी ढिगातून काढून खिशात घातली. सगळ्यात शेवटी ते जिना उतरायला लागले. उतरता उतरता त्यांनी रिकामा दोडका सवयीनं कानापाशी नेऊन हलवला.

आत एक बी राहिलं होतं.