आबांच्या चेहऱ्यावर बोट

आबांच्या पंच्याहत्तरीसाठी त्यांच्या नातीने, प्रियदर्शनीने, घरच्या फोटोचं वेबपान बनवलं. ज्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवाल, त्याच्याबद्दल चार ओळी उघडतात. आबांच्या मागे, डावीकडच्या भिंतीवर बकरी चढून बसली होती, म्हणून तिच्यावरही तिने चार ओळी लिहिल्या. शहरात, राजापेठेतल्या घरी, तिच्या लॅपटॉपवर तिन्ही ब्राउझरमध्ये पान बिनचूक चाललं. तिने लिंक गावी, हिवरखेडला, आजीच्या मोबाइलवर पाठवून दिली.

मग तिच्या लक्षात आलं. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फोटो लहान होतो, पण क्लिकच्या जागा होत्या तिथंच राहतात. आबांवर बोट ठेवलं की बकरी उघडते! तिने घाबरून फोन लावला.

“आजी, आबांवर बोट ठेवलं का तू?”

“ठेवलं ना माय. ‘दिवसभर खाते, सावली दिसली की पसरते, कोणाचं ऐकत नाही.’ साऱ्या गल्लीले वाचून दाखवलं म्या.”

“अगं, ते चुकलंय! आत्ता दुरुस्त करते.”

“काहून वं पोरी? सारं बराबर लिवलं तुनं, कायलेच हात नोको लावू. फक्त ते ‘दोन्ही टाइम दूध देते’ तेवढं खोड.”