चार्जरचा हिरवा दिवा

मे महिन्याची दुपार होती. जामसरच्या एका पाड्यावर थांबलेल्या कॅराव्हॅनचा चार्जर काही केल्या चालू होईना. शिरीषने फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं घासून पुसली, शेजारच्या मंगळीच्या घरातून ओढलेली वायर तीनदा तपासली. दिवा आपला लालच. शेवटी मीटर लावला तर व्होल्टेज जेमतेम एकशे चाळीस. त्याचं डोकंच फिरलं.

"तारांवर आकडे टाकून वीज चोरता तुम्ही लोक, मग चार्जर कसा चालणार?"

मंगळी पदर खोचून निघून गेली.

दहा मिनिटांत दिवा हिरवा झाला, चार्जिंग सुरू झालं. "बघ, सुनावल्याशिवाय सुधारत नाहीत," असं बायकोला सांगून शिरीषने दार लावलं, एसी सोडला आणि ताणून दिली.

तासाभराने दार वाजलं. दारात मंगळी उभी होती. तिच्यामागे, आंब्याखाली, अख्खा पाडा घाम पुसत बसला होता. एक बाई तान्ह्या पोराला सुपाने वारा घालत होती.

"भरली का गाडी, साहेब? सगळ्यांनी पंखे न् चक्की बंद केली का लाईट फुल येते. कोणाचं अडलं का आम्ही असंच करतो."

शिरीषच्या मागून एसीचा गार झोत आला, थेट तिच्या घामेजल्या चेहऱ्यावर. मंगळीने एकदा गाडीत पाहिलं. मग तिनेच हळूच दार लोटलं आणि आंब्याकडे वळून म्हणाली,

"बसा अजून जरा. गाडी भरली नाही."