पेन्सिलची रेघ

एंगा प्रांताच्या डोंगरात सातव्या महिन्यातच जन्मलेली मुलगी रडत नव्हती. बाळंतीण निपचित पडली होती, दवाखान्याची गाडी रस्त्यावर कोसळलेल्या दरडीपलीकडे अडकली होती. रताळ्याचे वेल करपवणाऱ्या थंडीने सगळ्यांचेच हात बधिरले होते, मुलगी किती गार आहे ते स्पर्शाने कळेना. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या लोविसाने कागदावर पेन्सिलची जाड रेघ गिरवली, तिला विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या तारा जोडल्या आणि कागद मुलीच्या पोटावर बांधला. अंग गार पडलं की रेघेचा रोध वाढून आकडा चढणार होता. तो चढतच होता. “चूल पेटवू?” मुलीच्या बापाने, याकोपने, दारातून विचारलं. “धुराने गुदमरेल. शर्ट काढ, छातीशी घे तिला.” “मास्तरीणबाई, माझ्या हातात मोडेल ती.” “धर.” गोट्यासारखा गार जीव छातीला टेकताच याकोपने दोन्ही हात तिच्याभोवती गुंफले. आकडा आणखी चढला, मग थांबला. “आता उतरतोय,” लोविसा पुटपुटली, “हलू नकोस.” “दरड निघेपर्यंत नाही हलणार,” याकोप म्हणाला.