समुद्राच्या दारातलं कासव

अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या स्विमिंग पूलमध्येही गुडघाभर पाण्यापुढे न गेलेल्या सुमेधाकाकू रिटायर्ड नवऱ्याच्या हट्टापायी पाठीवर सॅक टाकून ऑस्ट्रेलिया फिरल्या आणि थेट समुद्राच्या तळाशी पोचल्या. "भीती वाटली तर हात ओढ. वर येऊ, मग डायव्हिंग कायमचं कॅन्सल," प्रतापकाका बोटीवर म्हणाले होते. काकूंनी त्यांचा हात खेकड्यालाही लाज वाटेल असा आवळला होता. आता ओढणारच, एवढ्यात निळाईतून कासव आलं. केवढं? डायनिंग टेबलाएवढं, शप्पथ! मागे माशांचं वऱ्हाड. काकूंच्या नाकासमोर थांबून ते म्हाताऱ्या डोळ्यांनी बघत राहिलं. समुद्र गाभाऱ्यासारखा शांत झाला. देवळाच्या दारातल्या कासवाला जोडतो तसे काकूंनी आपसूक हात जोडले. वर आल्यावर काका ओरडले, "अगं, हात सोडलास माझा! एकटी तरंगत होतीस!" "अहो, नमस्कार एका हातानं करतात का?" म्हणत काकूंनी पुन्हा मास्क चढवला.