अर्धीच गोळी

गुडघ्याचं बँडेज. पपईची फोड. बशीत दोन अर्ध्या गोळ्या.

ऑपरेशननंतर मोरेश्वरकाकांना जालीम वेदनाशामक चालू होतं. भेटायला आलेल्या मेहुण्याने शिंका ऐकून खिशातली सर्दीची गोळी मोडली. "अर्धीच देतोय, दाजी." शेजारच्या निमकरबाईंनी झोपेची दिली. तीही अर्धीच.

दुपारी काका हलवूनही उठेनात. श्वास मंदावला.

आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?"

"अर्धीच," मेहुणा म्हणाला.

"मीपण अर्धीच. एवढ्याने काय होतंय?" निमकरबाई म्हणाल्या.

"मग उरलेल्या अर्ध्या कुठे आहेत?"

काकू खाली बघत म्हणाल्या, "वाया कशाला घालवायच्या, म्हणून नंतर मीच दिल्या."

ऑपरेशननंतर घरी सोडताना चिठ्ठीवर लाल शाईत लिहिलं होतं: या वेदनाशामकासोबत सर्दीची किंवा झोपेची गोळी देऊ नये. काकूंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.